ताशा थांबला की ढोलही थांबतो: छतावरचं सोलर आणि ५०.२ ची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात एका ताज्या तक्रारीपासून करू या.

घरावर सोलर बसवलं, तीन किलोवॉटचं. बिल एकदम खाली आलं, घरचे सगळे खूश. मग मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर रणरणतं ऊन असताना, लाइट जाते आणि आपल्या घरातला पंखाही गरगर करत थांबतो. शेजारी गॅलरीतून विचारतात, "काय हो, तुमच्याकडे तर सोलर आहे ना?" आपण सोलरवाल्याला फोन लावतो. तो म्हणतो, "साहेब, ऑन-ग्रिड सिस्टीम आहे. असंच असतं."

"असंच असतं" हे काही उत्तर झालं नाही. असं का असतं, हे कुणी ठरवलं, आणि त्या ठरवण्यात एकदा अख्ख्या युरोपची झोप कशी उडाली, ती आजची गोष्ट. ही गोष्ट जर्मनीतली आहे. पण शेवटी ती आपल्या छतावर कशी येऊन पोचते ते बघू.

आधी थोडं यंत्राबद्दल

सोलर पॅनेल ऊन पडलं की डीसी वीज देतं, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये असते एसी वीज, जी सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे घेते. यालाच ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी म्हणतात. या दोघींची गाठ घालून देणारा डबा म्हणजे इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणारा घरातला जुना इन्व्हर्टर वेगळा. हा भिंतीवर लावलेला, ग्रिडशी बोलणारा इन्व्हर्टर आहे.

आता गंमत बघा. नुसती डीसीची एसी करून भागत नाही. ग्रिडमधले हेलकावे ज्या क्षणी वर जातात, त्याच क्षणी याचेही वर जायला हवेत. गणपतीतलं ढोल-ताशा पथक आठवा. ताशा लय धरतो आणि ढोलवाले त्या लयीवर टिपरू मारतात. एखादा नवा ढोलवाला मधेच रांगेत शिरला, तर तो आधी दोन-चार ठोके नुसता ऐकतो, लय पकडतो आणि मग सुरू होतो. तुमचा इन्व्हर्टर सकाळी ऊन आलं की हेच करतो. आधी ग्रिडचं व्होल्टेज आणि लय ऐकतो, काही वेळ खात्री करून घेतो आणि मग आपली वीज त्यात मिसळतो. ती वीज आधी तुमच्या घरात वापरली जाते आणि उरलेली तारेवरून बाहेर पडून बहुतेक वेळा शेजाऱ्याच्याच फ्रीजमध्ये जाते. आत किती आली आणि बाहेर किती गेली याचा हिशेब नेट मीटर ठेवतो.

आणि ताशाच थांबला तर? ढोलवाल्याला लयच नाही, म्हणून तोही थांबतो. आपला पंखा बंद पडण्याचं पहिलं कारण हे. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःची लय धरायला बनवलेलाच नसतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. लाइट गेली म्हणजे बऱ्याचदा कुठेतरी तार तुटलेली असते आणि वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याने डीपी बंद केलेली असते. त्याच वेळी खालच्या वीस घरांची छतं तारेत वीज ढकलत राहिली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून जगभर नियम आहे की ग्रिड गेली की सोलरने स्वतःहून बाजूला व्हायचं. अनेक देशांच्या नियमात त्यासाठी जास्तीत जास्त दोन सेकंद दिलेले आहेत. तुमचा बंद पंखा म्हणजे एका माणसाच्या जिवाची काळजी आहे.

इथवर सगळं सोपं वाटतं. गडबड असेल तेव्हा सोलरने बाजूला व्हावं, बास. जर्मनीतल्या इंजिनिअरांनाही ते इतकंच सोपं वाटलं होतं.

नको असलेला पाहुणा

सिलिकॉनचा उपयोगी सोलर सेल जगाला दाखवला तो अमेरिकेतल्या बेल लॅब्सने, १९५४ मध्ये. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन अशी तिघांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. त्या सेलवर पडलेल्या उन्हातला सुमारे ६ टक्के भागच विजेत बदलायचा आणि किंमत तर विचारूच नका. म्हणून पुढची काही वर्षं सोलरचं मुख्य काम राहिलं अंतराळात. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सोलर सेल घेऊन वर गेला. वर ना तार, ना डीपी. तिथे सोलर एकटंच राहायचं.

जमिनीवर मात्र तारा आधीपासून होत्या, आणि त्यांचे मालकही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून वीज कंपन्यांना छोट्या उत्पादकांची वीज विकत घ्यायला लावलं. पण छतावरच्या सोलरला खरी मोठी दारं उघडली ती जर्मनीत.

१९८६ मध्ये चेर्नोबिलचा अणुभट्टीचा अपघात झाला. त्याची किरणोत्सारी धूळ जर्मनीपर्यंत आली आणि तिथल्या आई-बापांना मुलांनी अंगणातल्या वाळूत खेळावं की नाही असा प्रश्न पडला. विजेकडे बघायची लोकांची नजर बदलली. १९९० च्या शेवटी जर्मन संसदेत एक छोटासा कायदा झाला. तो पुढे रेटणाऱ्यांत दोन खासदार होते: बव्हेरियातल्या परंपरावादी सीएसयू पक्षाचे मथियास एंगल्सबर्गर आणि ग्रीन पक्षाचे वोल्फगांग डॅनियल्स. एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे न राहणारे हे पक्ष. एंगल्सबर्गर यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः बव्हेरियातल्या ओढ्यांवर छोटी जलविद्युत केंद्रं चालवणारे लोक होते. मोठ्या वीज कंपन्यांचं लक्ष तेव्हा नुकत्याच सामील झालेल्या पूर्व जर्मनीकडे होतं, असं सांगतात. कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. त्याचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो: वारा, पाणी किंवा उन्हापासून कुणी वीज बनवली तर कंपनीने ती घेतलीच पाहिजे आणि ठरलेला दर दिलाच पाहिजे.

याच काळात सरकारने 'हजार छतं' नावाची योजना काढली आणि प्रत्यक्षात दोन हजारांहून जास्त छतांवर सोलर बसलं. पण कंपन्यांना हे खूळच वाटत होतं. १९९३ मध्ये जर्मन वीज कंपन्यांनी चक्क वृत्तपत्रात जाहिरात दिली. सूर्य, पाणी आणि वारा मिळून देशाच्या विजेच्या गरजेपैकी ४ टक्क्यांपेक्षा जास्त गरज दीर्घकाळातही भागवू शकणार नाहीत, असं त्यात म्हटलं होतं.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यात आहे. ज्याचा वाटा कधी ४ टक्क्यांच्या वर जाणारच नाही, त्याच्यासाठी नियम करताना फार डोकं कशाला चालवायचं? नियम ठरला तो असा: ग्रिडमध्ये काहीही वेडंवाकडं दिसलं की छोट्यांनी गुपचूप बाहेर पडायचं. मोठी माणसं बोलत असताना पोरांनी आत जायचं, तसं.

५०.२

इथे फ्रिक्वेन्सीकडे परत यावं लागेल. ग्रिडमध्ये वीज बनते त्याच क्षणी ती खर्च व्हावी लागते. औष्णिक, जलविद्युत, अणुऊर्जा अशा केंद्रांत प्रचंड वजनाची जनित्रं फिरत असतात. मागणी वाढली की त्यांच्यावर भार येतो, ती किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी ५० च्या खाली जाते. मागणी घटली की ती वेगाने फिरू लागतात आणि फ्रिक्वेन्सी ५० च्या वर जाते. म्हणजे फ्रिक्वेन्सी ही ग्रिडची नाडी. पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत सगळ्या देशांत ही नाडी एकाच वेळी, एकाच ठोक्याने चालते.

जर्मनीतल्या छतांवरच्या इन्व्हर्टरना सांगितलेलं होतं की फ्रिक्वेन्सी ५०.२ ला पोचली की लगेच बंद व्हायचं. कागदावर हे अगदी शहाणपणाचं आहे. फ्रिक्वेन्सी वर गेली म्हणजे वीज जास्त झाली, मग जास्तीची वीज बंद केलेलीच बरी.

दरम्यान २००० साली जर्मनीत नवा, जास्त जोरकस कायदा आला. हर्मान शेअर आणि हान्स-योसेफ फेल हे त्यामागचे मोठे चेहरे. सोलरला वीस वर्षांसाठी भरघोस दराची हमी मिळाली. शेतकऱ्यांनी गोठ्यांवर पॅनेल टाकली, गावांनी शाळांवर टाकली. २०११ संपेपर्यंत जर्मनीत सुमारे २५,००० मेगावॉट सोलर बसलं होतं.

आता ४ नोव्हेंबर २००६ च्या रात्री जाऊ. उत्तर जर्मनीत एम्स नावाची नदी आहे. तिच्या काठावरच्या पापेनबर्गमध्ये 'नॉर्वेजियन पर्ल' नावाचं भलंमोठं क्रूझ जहाज बांधून तयार होतं आणि ते नदीतून समुद्राकडे न्यायचं होतं. वाटेत नदीवरून ३८० किलोव्होल्टची लाइन जाते. जहाज खालून सुखरूप जावं म्हणून ती लाइन बंद केली. असं आधीही केलेलं होतं. पण या वेळी वेळ बदलली होती आणि बाकीच्या लाइनवर किती भार येईल याचा हिशेब नीट झाला नव्हता. रात्री दहाच्या सुमारास एक लाइन भाराने ट्रिप झाली, मग दुसरी, मग तिसरी. काही सेकंदांत युरोपची ग्रिड तीन तुकड्यांत फाटली. पश्चिमेच्या तुकड्यात वीज कमी पडली, फ्रिक्वेन्सी ४९ पर्यंत घसरली आणि सुमारे दीड कोटी घरांची लाइट गेली. ईशान्येच्या तुकड्यात मात्र वीज जास्त झाली आणि फ्रिक्वेन्सी थोडा वेळ ५१.४ पर्यंत चढली.

तेव्हा सोलरने काय केलं? काहीच नाही. रात्र होती. पण काही वर्षांनी इंजिनिअरांनी हाच प्रश्न उलटा करून विचारला: हीच गोष्ट भर दुपारी झाली असती तर? आणि आज झाली तर?

उत्तर भयंकर होतं. युरोपची ग्रिड एका वेळी जास्तीत जास्त ३,००० मेगावॉट गमावण्याची तयारी ठेवते. म्हणजे दोन मोठ्या अणुभट्ट्या एकदम बंद पडल्या तरी ती सावरेल. आता लख्ख उन्हाच्या दुपारी फ्रिक्वेन्सी चुकून ५०.२ ला टेकली तर लाखो छतं नियमाप्रमाणे एकाच क्षणी बंद होणार. ३,००० नाही, त्याच्या कितीतरी पट वीज एका झटक्यात गायब. फ्रिक्वेन्सी वरून थेट दरीत. ४९ च्या खाली गेली की शहरांची वीज आपोआप तोडायला सुरुवात. मग फ्रिक्वेन्सी सावरली की तीच लाखो छतं पुन्हा एकदम चालू, पुन्हा ५०.२, पुन्हा सगळी बंद.

ढोल पथकाकडेच बघा. एका ढोलवाल्याची लय चुकली आणि तो थांबला तर कुणाला कळतही नाही. पण चारशे ढोलांना एकच सूचना दिली असेल की 'लय जरा चढली की थांबा', तर एका क्षणात मिरवणुकीत शांतता. प्रत्येकाने सांगितलेलंच केलं, तरी पथक कोसळलं.

या गोष्टीत कुणीही खलनायक नाही, आणि म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटते. यंत्र बिघडलेलं नव्हतं आणि छताच्या मालकाने काही लपवलेलं नव्हतं. चूक फक्त एवढीच की छोट्यासाठी केलेला नियम तो मोठा झाल्यावरही तसाच राहिला.

तीन लाख छतांची दुरुस्ती

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून त्यावर सिनेमा निघत नाही. २०११ पासून नव्या इन्व्हर्टरसाठी नियम बदलला. ५०.२ ला धाडकन बंद व्हायचं नाही, तिथून पुढे हळूहळू वीज कमी करत जायचं, आणि ५१.५ च्या पुढे गेल्यावरच पूर्ण थांबायचं. पण आधी बसवलेल्यांचं काय? जुलै २०१२ मध्ये सरकारने खास आदेश काढला. १० किलोवॉटपेक्षा मोठ्या सुमारे ३,१५,००० जुन्या सिस्टीमची सेटिंग बदलायची. म्हणजे तंत्रज्ञाने दारोदार जायचं, गोठ्यामागच्या भिंतीवरचा डबा उघडायचा, कुठे आकडा बदलायचा, कुठे सॉफ्टवेअर घालायचं. खर्च छताच्या मालकावर टाकला नाही, तो सगळ्यांच्या वीजबिलातून वसूल झाला. कारण ग्रिड वाचली तर सगळ्यांचीच वाचणार होती.

याची परीक्षाही झाली. २० मार्च २०१५ ला सकाळी युरोपात सूर्यग्रहण लागलं. तोवर जर्मनीत ३८,००० मेगावॉटच्या वर सोलर होतं. ते आधी झपाट्याने उतरणार आणि ग्रहण सुटताना त्याहून वेगाने चढणार होतं. ग्रिडवाल्यांनी कित्येक महिने तयारी केली, राखीव वीज तयार ठेवली. ग्रहण लागलं, सुटलं आणि कुणाची लाइट गेली नाही.

आणि ते ४ टक्के? २०२३ मध्ये जर्मनीच्या वीजवापरात ऊन, वारा, पाणी आणि इतर अक्षय ऊर्जेचा वाटा निम्म्याच्या वर गेला.

पण धडा एकदा शिकून संपत नाही. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. लगेच बोट सोलरकडे गेलं. चौकशीत जे पुढे आलं ते जास्त ओळखीचं होतं. त्या दिवशी व्होल्टेज हाताबाहेर चढलं, आणि ते आवरण्याचं काम ज्या पारंपरिक केंद्रांकडे होतं त्यांच्याकडून ते पुरेसं झालं नाही. स्पेनच्या जुन्या नियमांमध्ये सोलर केंद्रांना व्होल्टेज सांभाळायला सांगितलेलंच नव्हतं. ती ठरलेल्या एकाच पद्धतीने वीज ढकलत होती. करता येण्यासारखं असून काम दिलेलं नव्हतं. पुन्हा तेच, सोलर मोठं झालं होतं आणि नियम लहानपणीचा होता.

आता आपल्याकडे

आपली ग्रिडही आता एकच आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा एक धागा आहे. २०१२ च्या जुलैमध्ये लागोपाठ दोन दिवस उत्तर भारत आणि मग पूर्व, ईशान्य भारत अंधारात गेला होता. ६० कोटींहून जास्त लोकांना त्याचा फटका बसला, तेव्हा आपली पश्चिम ग्रिड टिकली. दक्षिणेची ग्रिड तोपर्यंत वेगळ्या लयीत चालत होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन सुरू झाली आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच नाडी चालू लागली. सोलापूरच्या माळरानावरून जाणाऱ्या त्या तारेने देशाची लय एक केली.

आणि ५ एप्रिल २०२० आठवतोय? लॉकडाऊन, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद. आपण गॅलरीत पणत्या लावत होतो तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने खाली आली. ग्रिडच्या इंजिनिअरांनी मुख्यतः जलविद्युत केंद्रं खालीवर करून ती सांभाळली. तरीही त्या रात्री फ्रिक्वेन्सी एका टप्प्यावर ५०.२६ पर्यंत गेली होती. म्हणजे जर्मनीच्या त्या आकड्याच्या वर. रात्र होती, छतं शांत होती.

पण छतं आता शांत राहणार नाहीत. महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. लक्ष्य १ कोटी घरांचं, आणि तीन किलोवॉटच्या सिस्टीमवर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. एक घर तीन किलोवॉटचं म्हटलं तर ग्रिडला मुंगी चावल्यासारखं. एक कोटी घरं गुणिले तीन किलोवॉट केलं की होतात ३०,००० मेगावॉट. २०११ च्या जर्मनीपेक्षा जास्त. जर्मनीला तीन लाख डबे पुन्हा उघडावे लागले. एक कोटी डबे पुन्हा उघडायची वेळ आपल्यावर येऊ द्यायची नसेल, तर ते बसवतानाच नीट बसवायला हवेत.

म्हणून दोन साध्या गोष्टी. घरी सोलर लावत असाल तर पॅनेलच्या कंपनीबरोबरच इन्व्हर्टरबद्दलही विचारा. त्यात भारतातल्या ग्रिडची सेटिंग घातली आहे का, आणि पुढे नियम बदलला तर ती अपडेट होते का? लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम मिळते. लाइट गेली की ती आधी घराला ग्रिडपासून तोडते आणि मग स्वतःची लय धरते. पण जनरेटर जोडून ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला 'लाइट आहे' असं फसवण्याचा जुगाड कुणी सुचवला, तर हात जोडा आणि नाही म्हणा. खांबावर कुणीतरी चढलेलं असतं.

आणि पुढच्या वेळी उन्हात लाइट गेली आणि शेजाऱ्यांनी गॅलरीतून तोच प्रश्न विचारला, तर त्यांना आजचा भाग पाठवा. लाइट आल्यावर ऐकतील.